सरकणारे स्पंद, चार छत्र्या आणि वहीतलं अर्धं उत्तर



नववीच्या विज्ञानात दुर्बिणींचा पाठ आहे. त्यात पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीची माहिती येते. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, साधारण २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. एवढं वाचून झालं की कोणीतरी विचारतंच, "बाई, पण एवढ्या मोठ्या ताटल्यांनी बघतात काय?" माझं ठरलेलं उत्तर असतं, पल्सार. आणि पल्सार म्हटलं की ओघाने येतं ते दीपगृह. फिरणारा तारा, त्यातून निघणारा रेडिओ लहरींचा झोत, तो आपल्यावरून गेला की एक टिकटिक. मुलांना हे चटकन समजतं, वहीत चित्रही छान येतं.

यावर्षी मी तिथेच न थांबता एक पायरी पुढे गेले. या टिकटिकीच्या आत एक चमत्कारिक हालचाल लपलेली असते, आणि ती समजावून सांगण्याच्या प्रयत्नात शास्त्रज्ञांची गेली पन्नासेक वर्षं गेली आहेत. तीच हालचाल मी शाळेच्या मैदानावर करून दाखवली. त्यातून वर्गात आणि नंतर पालकसभेत जे झालं, ते तुमच्यासमोर मांडते. उपक्रम बिनखर्चाचा आहे. पण त्याचं खरं काम वेगळंच आहे, ते पुढे येईल.

आधी थोडी पूर्वतयारी

१९६७ साली केंब्रिजमध्ये जोसेलिन बेल ही संशोधक विद्यार्थिनी अँटनी ह्यूविश यांच्या हाताखाली काम करत होती. रेडिओ दुर्बिणीतून येणाऱ्या नोंदींचे लांबच लांब कागद ती डोळ्यांनी तपासायची. त्यात तिला एक छोटीशी वेगळी खरड दिसली. नोंद जास्त वेगाने घेतल्यावर कळलं, की दर १.३३७ सेकंदांनी एक स्पंद येतोय, अगदी नेमाने. हा पहिला पल्सार.

पल्सार म्हणजे न्यूट्रॉन तारा. मोठ्या ताऱ्याचा स्फोट झाल्यावर उरलेला गाभा. वस्तुमान सूर्याच्या साधारण दीडपट, आणि व्यास जेमतेम २० किलोमीटर. म्हणजे जीएमआरटीच्या अँटेना जेवढ्या जागेत पसरल्या आहेत, तेवढ्या जागेत अख्खा तारा मावेल. त्याचं चुंबकीय क्षेत्र प्रचंड असतं. झोत निघतो तो त्याच्या चुंबकीय ध्रुवांपाशी, आणि हे ध्रुव फिरण्याच्या अक्षापासून सहसा थोडे कललेले असतात. म्हणून झोत गोल फिरतो आणि आपल्याला टिकटिक ऐकू येते.

इथपर्यंत दीपगृह बरोबर आहे. आता पुढे.

एकाखाली एक ओळ

मुलांना मी आधी एक चित्र दाखवलं. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या, डोंगररांगांसारख्या एकाखाली एक रेघा. दोन-तीन मुलं लगेच ओरडली, "हे तर टी-शर्टवर असतं!" बरोबर आहे. १९७९ साली इंग्लंडमधल्या जॉय डिव्हिजन या बँडच्या रेकॉर्डच्या मुखपृष्ठावर ते आलं आणि तिथून जगभरच्या टी-शर्टांवर गेलं. पण मूळ चित्र विज्ञानातलं आहे. जोसेलिन बेलला सापडलेल्या त्याच पहिल्या पल्सारचे ते लागोपाठचे ८० स्पंद आहेत, आणि ते हॅरॉल्ड क्राफ्ट या संशोधकाने १९७० साली आपल्या प्रबंधात छापले होते.

हे चित्र नीट बघायला लावा. प्रत्येक रेघ म्हणजे ताऱ्याची एक फेरी. दीपगृहाचा दिवा एकसारखा असेल, तर प्रत्येक रेघेवरचा उंचवटा हुबेहूब सारखा यायला हवा. तसा तो येत नाही. एका स्पंदाच्या आत छोटे-छोटे उंचवटे असतात. त्यांना उपस्पंद म्हणू या. शेकडो स्पंदांची सरासरी काढली तर प्रत्येक पल्सारचा एक पक्का आकार मिळतो, माणसाच्या सहीसारखा. पण एकेकटा स्पंद बघितला तर दर वेळी वेगळा.

आणि हे वेगळेपण नेहमीच अस्ताव्यस्त नसतं. १९६८ साली, म्हणजे पल्सारचा शोध जाहीर झाला त्याच वर्षी, फ्रँक ड्रेक आणि याच हॅरॉल्ड क्राफ्ट यांनी अरेसिबोच्या दुर्बिणीतून दोन पल्सार बघताना एक गोष्ट टिपली. उपस्पंद दर फेरीला थोडा-थोडा सरकत जातो. पहिल्या ओळीत तो उजवीकडे असेल, तर पुढच्या ओळीत जरा डावीकडे, त्याच्या पुढच्या ओळीत आणखी डावीकडे. ओळी एकाखाली एक मांडल्या की तिरपे पट्टे दिसतात. एक पट्टा कडेला संपतो न संपतो तोच दुसऱ्या कडेने नवा पट्टा सुरू झालेला असतो.

मी फळ्यावर आठ ओळी काढल्या आणि मुलांना ठिपके देत गेले. तिरपा पट्टा त्यांचा त्यांनीच शोधला. "पावसाची सर आल्यासारखं दिसतंय," असं एक जण म्हणाला. हे एखाद-दुसऱ्या पल्सारचं वेड नाही, हेही त्यांना सांगितलं. नेदरलँड्समधल्या वेस्टरबोर्क दुर्बिणीने १८७ पल्सार तपासले गेले आणि २००६ साली त्याचा निष्कर्ष आला. निदान दर तीन पल्सारांमागे एकात हे सरकणं असतंच.

मग सरकतं काय?

१९७५ साली माल्विन रुडरमन आणि पीटर सदरलँड यांनी एक चित्र मांडलं, ते आजही आधाराला घेतलं जातं. चुंबकीय ध्रुवाभोवतीच्या छोट्याशा गोल भागात विजेचा दाब इतका वाढतो की ठिकठिकाणी ठिणग्या पडायला लागतात. प्रत्येक ठिणगीच्या वर रेडिओ लहरींचा एक बारीक झोत तयार होतो. म्हणजे आपला एकच मोठा दिवा खरं तर गोलात मांडलेल्या अनेक छोट्या दिव्यांचा बनलेला असतो.

या ठिणग्या जागेवर बसून राहत नाहीत. विद्युत क्षेत्र आणि चुंबकीय क्षेत्र एकमेकांना काटकोनात असली की विद्युतभारित कण दोघांनाही काटकोनात असलेल्या तिसऱ्या दिशेला वाहत जातात. त्यामुळे ठिणग्यांचं अख्खं रिंगण चुंबकीय अक्षाभोवती हळूहळू फिरत राहतं. जत्रेतलं मेरी-गो-राउंड डोळ्यांसमोर आणा. तारा फिरून आपल्याकडे तोंड करतो तेव्हा त्या रिंगणाची एक बाजू आपल्याला दिसते, आणि तेवढ्या वेळात घोडे थोडे पुढे गेलेले असतात. तेच आपलं सरकणं.

मुलांना थक्क करणारा भाग आकाराचा आहे. सेकंदाला एक फेरी मारणाऱ्या पल्सारच्या बाबतीत हा ध्रुवाभोवतीचा भाग सुमारे ३०० मीटर रुंद येतो. आमच्या शाळेची दोन मैदानं लांबीला लांबी जोडली की झालं. शेकडो-हजारो प्रकाशवर्षं दूरच्या दोन मैदानांएवढ्या जागेत ठिणग्या कशा फिरतात, याचा माग शास्त्रज्ञ या तिरप्या पट्ट्यांवरून काढतात.

इथे तास संपवला असता तर सगळे खूश झाले असते. पण खरी अडचण इथूनच सुरू होते. ताऱ्याच्या एका फेरीत आपल्याला रिंगण एकदाच दिसतं, तेही क्षणभर. मधल्या काळात ते किती फिरलं, हे आपण बघितलेलंच नसतं.

चार छत्र्यांचा खेळ

मैदानावर दोन मीटर त्रिज्येचं वर्तुळ आखलं. परीघ साधारण साडेबारा मीटर येतो. त्यावर घड्याळासारख्या १२ खुणा केल्या, म्हणजे दोन खुणांमध्ये मीटरभर अंतर. चार मुलं दर तिसऱ्या खुणेवर उभी केली आणि चौघांच्या हातात काळ्या छत्र्या दिल्या, चेहरा झाकला जाईल अशा धरायला लावल्या. (चपला काढून ठेवायला सांगा. नाहीतर बाकीची पोरं पायांवरून ओळखतात!) उरलेला वर्ग भोवती डोळे मिटून बसला. मी टाळी वाजवली की क्षणभर डोळे उघडायचे, छत्र्या कुठे आहेत ते बघायचं आणि पुन्हा मिटायचे. दोन टाळ्यांमध्ये दहा सेकंद. चालणाऱ्यांना मी कानात सांगितलं होतं, की प्रत्येक टाळीपर्यंत किती खुणा पुढे जायचं.

पहिल्या डावात एक खूण. वर्गाने लिहिलं, "छत्र्या एक खूण पुढे जातात."
दुसऱ्या डावात दोन खुणा. वर्गाने लिहिलं, "छत्र्या एक खूण मागे येतात."
तिसऱ्या डावात तीन. "कोणी हललंच नाही."
चौथ्या डावात चार. "एक खूण पुढे."
पाचव्या डावात पाच. "एक खूण मागे."

कागदावर छत्र्यांच्या जागा मांडून बघा, असंच येतं. छत्र्या एकसारख्या असल्यामुळे जवळात जवळची छत्री हीच मघाची छत्री, असं डोळा धरून चालतो. पाचही डावांत चौघं पुढेच चालत होते, हे मी सांगितलं तेव्हा मैदानावर गोंधळ उडाला. "आम्ही उघड्या डोळ्यांनी बघितलं!" असं म्हणून काही जण भांडायलाच उठले. चालणारी मुलं मात्र गालातल्या गालात हसत होती.

एरवी फारसं न बोलणाऱ्या एका मुलीने मग विचारलं, "बाई, मग आकाशातल्या पल्सारचं काय? ते पुढे सरकतात का मागे?"

मी म्हटलं, नुसतं सरकणं बघून हे सांगता येत नाही. ते तिने वहीत लिहून घेतलं. मुलं घेतात तसं, अगदी शब्दन्‌शब्द: 'उपस्पंद खरे कोणत्या दिशेने आणि किती वेगाने फिरतात हे नुसत्या सरकण्यावरून ठरत नाही.' आणि खाली रेघ मारली.

पालकसभेत

पुढच्याच आठवड्यात पालकसभा होती. त्या मुलीचे वडील तिची वही घेऊन आले. त्यांचं गॅरेज आहे. आवाज शांत होता, पण चेहऱ्यावर नाराजी दिसत होती.

"मॅडम, एक विचारू का? राग मानू नका. मी वही चाळत होतो. सगळ्या प्रश्नांना उत्तरं आहेत, आणि इथे उत्तराच्या जागी 'ठरत नाही' लिहिलंय. पोरीला विचारलं तर म्हणते, बाईंनीच सांगितलं. परीक्षेत असं लिहिलं तर मार्क कोण देणार?"

त्यांची काळजी खोटी नव्हती. दहावी एका वर्षावर आलेली, फी भरताना ओढाताण होते हेही मला माहीत होतं. शाळेतून पोर पक्कं काहीतरी घेऊन यावी, असं आईबापांना वाटणारच. मी त्यांना छत्र्यांचा खेळ कागदावर काढून दाखवला. तीन खुणांचा डाव आला तसे ते थांबले.

"हे तर आमच्या टायमिंग लाइटसारखं झालं," ते म्हणाले. जुन्या पेट्रोल गाडीचं इंजिन चालू असताना फिरणाऱ्या पुलीवर तो लुकलुकणारा दिवा धरतात. दिवा ठरावीक क्षणीच पेटतो, म्हणून गरगर फिरणारी पुली जागेवर थांबल्यासारखी दिसते.

"मग तुम्हाला तिथे गोंधळ होत नाही का?" मी विचारलं.

"नाही ना. पुलीवर खूण एकच असते. दिसली नाही तर आम्ही खडूने रंगवतो. चार सारख्या खुणा असत्या तर कोणती कुठली ते कसं कळणार?"

मी म्हटलं, "दादा, शास्त्रज्ञांनी हेच केलं. खडू नव्हता त्यांच्याकडे, एवढंच."

लाल छत्री

दुसऱ्या दिवशी वर्गात चारपैकी एक छत्री लाल दिली आणि खेळ पुन्हा खेळलो. आता वर्गाला फक्त एवढंच मोजायचं होतं, की लाल छत्री पहिल्या जागी किती टाळ्यांनी परत येते. एक खूण चालले तेव्हा १२ टाळ्या लागल्या. चार खुणा चालले तेव्हा ३. आदल्या वेळी हे दोन्ही डाव हुबेहूब सारखे दिसले होते. दोन खुणांच्या डावात ६ टाळ्या लागल्या, आणि लाल छत्री पुढेच चालली आहे हे सगळ्यांना उघड दिसलं.

आकाशातली लाल छत्री सापडली ती बी ०९४३+१० नावाच्या पल्सारमध्ये. तो साधारण १.१ सेकंदात एक फेरी मारतो. बंगळूरुच्या रामन संशोधन संस्थेतले अविनाश देशपांडे आणि अमेरिकेतल्या व्हरमाँट विद्यापीठातल्या जोआना रँकिन यांनी अरेसिबोच्या नोंदी घेऊन त्याचा अभ्यास केला आणि १९९९ साली निष्कर्ष मांडला. त्याचे छोटे झोत तंतोतंत सारखे नाहीत, कोणी जरा प्रखर, कोणी जरा मंद. त्यामुळे नोंदीत सरकण्याच्या जोडीला आणखी एक सावकाश पुनरावृत्ती उमटलेली होती, ताऱ्याच्या सुमारे ३७ फेऱ्यांची. एक झोत पुढच्याच्या जागी यायला साधारण १.८७ फेऱ्या लागतात. मुलांना भागाकार करायला लावला: ३७ भागिले १.८७. उत्तर २० च्या जवळ आलं. म्हणजे रिंगणात २० झोत, आणि रिंगणाची पूर्ण फेरी सुमारे ४१ सेकंदांत. देशपांडे-रँकिन यांनी त्यावरून त्या रिंगणाचा नकाशाच काढला.

गंमत म्हणजे एवढं पक्कं उत्तर मिळाल्यावर नवा पेच निर्माण झाला. १९७५ च्या मूळ गणिताप्रमाणे रिंगण याहून बरंच वेगाने फिरायला हवं होतं. म्हणून नंतर यानुश गिल आणि सहकाऱ्यांनी त्या चित्रात दुरुस्ती सुचवली. ताऱ्याच्या तापलेल्या पृष्ठभागावरून सुटणारे कण विजेचा दाब थोडा कमी करतात आणि रिंगण मंदावतं, असं त्यांचं म्हणणं.

खोडदमधून दिसलेला पल्सार

तीन खुणांचा डाव, ज्यात कोणी हललंच नाही असं वाटतं, तो मुलांना निरर्थक वाटला होता. त्यासाठी बी ०८२६-३४ हा पल्सार सांगितला. याचे उपस्पंद कधी पुढे सरकतात, हळूहळू थांबतात आणि चक्क उलटे सरकायला लागतात. जीएमआरटीतून यशवंत गुप्ता, यानुश गिल आणि सहकाऱ्यांनी त्याच्या नोंदी घेतल्या आणि २००४ साली एक सोपा वाटणारा खुलासा दिला. रिंगण दिशा बदलतच नसावं. एका फेरीत प्रत्येक ठिणगी जवळजवळ पुढच्या ठिणगीच्या जागेवर पोहोचत असेल, तर रिंगणाचा वेग थोड्याच टक्क्यांनी कमी-जास्त झाला तरी आपल्याला दिशा उलटल्याचा भास होईल. आमच्या भाषेत, चौघं तीन खुणांच्या आसपास चालतायत. कधी जरा कमी, कधी जरा जास्त.

पण २०१२ साली योएरी व्हान लेउवेन आणि आंद्रेई टिमोखिन यांनी याच पल्सारवर वेगळी बाजू मांडली. विजेचा दाब ध्रुवावर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी कसा बदलतो, यावर वाहण्याची दिशा ठरते. त्यामुळे ठिणग्या खरोखरही उलट्या फिरू शकतील, असं त्यांचं म्हणणं. जे ०८१५+०९ या पल्सारमध्ये तर एकाच स्पंदाच्या काही भागात उपस्पंद एकीकडे सरकतात आणि दुसऱ्या भागात नेमके उलटे. साध्या मेरी-गो-राउंडमध्ये हे सहज बसत नाही. वाद चालू आहे.

म्हणजे त्या मुलीच्या वहीतलं वाक्य बरोबरच होतं. फक्त ते अर्धं होतं. 'ठरत नाही' एवढ्यावर वही बंद झाली, तर वडिलांची तक्रार रास्त आहे. 'काय मिळालं तर ठरेल' हे त्याच्यापुढे लिहिलं, की ते विज्ञानाचं उत्तर होतं.

तेव्हापासून माझ्या वर्गात अशा प्रश्नांसाठी वहीच्या पानाचे तीन भाग करतो. पहिल्यात काय दिसलं. दुसऱ्यात कशाकशामुळे तसं दिसू शकेल, निदान दोन शक्यता. तिसऱ्यात त्यातली खरी कोणती हे कशावरून ठरेल. परीक्षेचं उत्तर पहिल्या दोन भागांत असतंच, त्यामुळे मार्कांचं नुकसान होत नाही. तिसरा भाग मुलं घरी आईवडिलांना विचारून आणतात, आणि तिथे गॅरेजमधला खडू, शिवणाच्या मशीनच्या चाकावरची खूण, विहिरीवरच्या मोटारीचा पट्टा असं काहीही येतं. ते वडील परवा भेटले तेव्हा म्हणाले, "मार्कांचं बघून घ्या मॅडम, पण तो तिसरा रकाना चालू ठेवा." दोन्ही गोष्टी मी वहीत टिपून ठेवल्या आहेत.

तुमच्या शाळेत करायचं असेल तर एवढंच लागेल: खडू किंवा फक्की, दोन मीटर दोरी, तीन काळ्या छत्र्या आणि एक वेगळ्या रंगाची. पहिल्या दिवशी मात्र चौथीही काळीच घ्या. मुलांना आधी फसू द्या, भांडू द्या. रंगीत छत्री त्यांनी मागितल्यावरच द्यायची.